घरी फळझाडाचं कलम करायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला, आंब्याच्या कोयी परसात ढीग लागल्या की ओळखीतल्या लोकांचे फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तेच. मी काही कृषी पदवीधर नाही, चिपळूणच्या बाजूला घरामागे थोडी जागा आहे आणि गेली बरीच वर्षं स्वतःची कलमं स्वतः बांधतो एवढंच. त्यात मेली किती आणि जगली किती ते पुढे येईलच.

हापूस खाल्ला आणि कोय पेरली तर हापूसच येईल ना?

नाही. झाड येईल, आंबेही धरतील, पण हापूस नाही येणार. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो माशीने कुठल्यातरी शेजारच्या झाडावरून आणलेल्या परागातून तयार झालेला असतो, म्हणजे आई हापूस पण बाप कोण ते देवालाच माहीत. आपण ज्याला रायवळ म्हणतो तो असाच जन्मतो. कधीतरी नशिबाने एखादा रायवळ इतका गोड निघतो की गावात त्याचं नाव पडतं, पण ती लॉटरी आहे, आणि निकाल कळायला ७-८ वर्षं थांबावं लागतं, कधी १०. केसर, पायरी यांचंही तेच. केरळच्या बाजूला ओलूर, कुरुक्कन अशा काही जाती आहेत ज्यांच्या एका कोयीतून तीन-चार रोपं निघतात आणि त्यातली बहुतेक आईसारखीच असतात, पण आपला हापूस त्यातला नाही.

म्हणूनच कलम, म्हणजे एका मुळासकट रोपावर (त्याला खुंट म्हणतात) हव्या त्या झाडाची काडी जोडायची. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात पाद्रींनी आंब्याची कलमं बांधून चांगल्या जाती टिकवल्या, आणि हापूस हे नाव तर पोर्तुगीज गव्हर्नर अफोंसो द आल्बुकेर्कवरून आलं असं सांगतात. थोडा विचार केलात तर गंमत आहे, आज देवगडला, रत्नागिरीला जेवढी हापूसची झाडं उभी आहेत ती सगळी काडीवर काडी बांधत आलेली एकाच जुन्या झाडाची वाढत गेलेली फांदी आहे.

मग कुठलं झाड बियांपासून करू आणि कुठलं कलमाने?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा आणि लोक सगळ्यात शेवटी विचारतात. माझा हिशोब असा. पपई बियांपासूनच. कागदी लिंबू बियांपासून चालतं, कारण त्याच्या एका बीमधून एकापेक्षा जास्त रोपं येतात आणि त्यातली बरीचशी आईचीच नक्कल असतात, फक्त फळाला ४-५ वर्षं लागतात आणि काटे भरपूर. केळी मुनव्यापासून (बुंध्याशी फुटणारं पिल्लू), अननस त्याच्या शेंडीपासून. अंजीर, डाळिंब, ड्रॅगनफ्रूट काडी लावून. पेरू गुटीने (ती कशी ते पुढे येतंय). आंबा, फणस, कोकम, चिकू, जांभूळ यांना खुंटावर कलम बांधल्याशिवाय मजा नाही. सीताफळ बीपासूनही बरं येतं, पण बी कडक असल्याने उगवायला महिना-दीड महिना घेतं आणि लोक तोवर कुंडी उपसून टाकतात.

कोय कलम नक्की कसं बांधायचं? जरा सावकाश सांगा.

सांगतो, कारण घरच्या माणसाला जमण्यासारखं आणि सगळ्यात स्वस्त हेच आहे. कोकणात हे इतकं पसरलं त्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा मोठा हात आहे, आणि आपली पावसाळी दमट हवा याला अगदी मानवते.

कोयी रायवळच्या घ्या, मोठ्या, वजनदार. आंबा खाल्ल्यावर धुवून दोन दिवस सावलीत ठेवायच्या आणि लगेच पेरायच्या. कोय वाळवून ठेवून नंतर पेरू म्हणाल तर नाही चालत, आंबा, फणस, जांभूळ, कोकम या सगळ्यांचं बी सुकलं की मेलं. पाण्यात टाकून बघा, तरंगली ती फेका. माझी बायको कोयीचं वरचं टरफल कात्रीने अलगद कापून आतली गुठळी पेरते, त्याने उगवणही लवकर होते, रोप सरळ येतं आणि आत भुंग्याची अळी असेल तर तिथेच दिसते. वाळू आणि शेणखताच्या वाफ्यात पाठीचा बाक वर ठेवून पेरा, वरून थोडा पातेरा (वाळलेली पानं) टाका.

दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. तांब्याच्या रंगाचा, लुसलुशीत, पानं अजून लाल आणि लोंबती. हीच वेळ. उगवून १०-१५ दिवस झाले, खोड अजून तांबूस आहे, तोवरच बांधायचं, एकदा हिरवं आणि काष्ठ झालं की कोय कलमाची गाडी सुटली.

आता काडी. हापूसच्या झाडावरची ३-४ महिने वयाची शेंड्याची फांदी, जाडी रोपाएवढीच, टोकाचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी. बांधायच्या ८-१० दिवस आधी त्या काडीची पानं झाडावरच कापायची, देठाचा थोडा तुकडा ठेवून. देठ बोट लावल्यावर टपकन गळून पडला की समजायचं काडी तयार. मग १०-१५ सेंटिमीटरची काडी कापा.

रोप कोयीसकट उपटा (मुळं धुवून घ्या), कोयीच्या वर चार बोटं सोडून आडवं कापा, मधोमध ४-५ सेंटिमीटर उभी चीर द्या. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढीच पाचर तासा. पाचर एका दमात तासायची, पुन्हापुन्हा खरडत बसलात की पृष्ठभाग वर-खाली होतो आणि जोड बसत नाही. पाचर चिरेत सरकवा, सालीला साल भिडली पाहिजे. सालीच्या लगेच आत जो हिरवट, ओलसर, बुळबुळीत थर असतो तोच जुळतो, बाकी लाकूड काही जुळत नसतं. काडी बारीक असेल तर एका बाजूला तरी साल मिळवा. मग प्लास्टिकची दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्टी खालून वर आवळत गुंडाळा आणि पिशवीत लावा. वर टोपी म्हणून लहानपणी आपण खायचो त्या पेप्सीकोल्याची रिकामी लांब पिशवी घाला, खाली दोऱ्याने बांधा. आतमध्ये दवबिंदू साचताना दिसले की निम्मं काम झालं. सावलीत ठेवा. १५-२० दिवसांत डोळा हलतो, कोंब टोपीला टेकायच्या आत टोपी काढा. पट्टी मात्र २-३ महिन्यांनी, विसरलात तर ती खोडात रुतते.

सगळं असंच केलं तरी कलमं काळी पडली. माझ्या हाताला गुण नाही का?

हाताला गुण वगैरे काही नसतं हो. मी पहिल्या वर्षी ४० बांधली, ६ जगली. कारणं नंतर कळली: काडीची पानं आधी काढलीच नव्हती, ब्लेड भाजी कापायची सुरी होती, बांधून झाल्यावर सगळ्या पिशव्या अंगणात जिथे दुपारचं ऊन येतं तिथे मांडल्या आणि वर पाणी इतकं घातलं की चिखल झाला. दुसऱ्या वर्षी दाढीचं नवीन ब्लेड, स्पिरिटने पुसून, दर १०-१२ कलमांना बदलून, आणि फणसाखालची सावली. निम्म्याहून जास्त जगली. काडी जोडाजवळ काळी पडली तर बहुतेक वेळा पाणी शिरलेलं असतं किंवा बुरशी. काडी हिरवी आहे पण महिना झाला तरी डोळा हलत नाही, तर काडी झोपलेली घेतलीत. आणि डोळा फुटून चार पानं आली आणि मग वाळलं, तर जोड बसलाच नव्हता, काडीने स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर पानं काढली होती. याला आम्ही फसवी फूट म्हणतो आणि दरवर्षी फसतो.

रीलमध्ये बटाट्यात आंब्याची काडी खोचून झाड करतात, ते खरं आहे का?

नाही. अंड्यात, केळ्यात, कोरफडीत खोचलेलंही नाही. आंब्याच्या काडीला मुळं फुटणं इतकं अवघड आहे की म्हणून तर सगळं जग त्याचं कलम बांधतं. व्हिडिओत शेवटी दिसणारं मुळांसकटचं रोप कोयीचं असतं, नीट बघा, खाली कोयीची खूण दिसते कधीकधी. काडीला मध आणि दालचिनी लावायला सांगतात, त्याने बुरशी थोडी रोखली जाईल, मुळं फुटायला वेगळं लागतं. आयबीएची (मुळं फोडणाऱ्या संप्रेरकाची) पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते, छोटी पुडी, वर्षभर पुरते.

पेरूची गुटी कशी करायची? आणि गुटी म्हणजे नक्की काय?

फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडायची, मग कापून वेगळी करायची, ती गुटी. जून-जुलै उत्तम. पेन्सिलीएवढी जाड, वर्षभराची, सरळ फांदी निवडा. दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची सालीची बांगडी पूर्ण गोल काढा. आतलं लाकूड ब्लेडच्या पाठीने हलकं खरवडा, तो बुळबुळीत थर राहिला तर दोन आठवड्यांत साल परत जुळते आणि मुळं येतच नाहीत, इथेच निम्मे लोक चुकतात. वरच्या कडेला आयबीए लावा (वरच्या, कारण मुळं तिथून येतात), मग भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ मूठभर भोवती दाबा, शेवाळ नसेल तर कोकोपीट, आणि पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं चॉकलेटसारखी बांधा. पाणी घालावं लागत नाही. ३०-४५ दिवसांत प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसतात, ती जरा तपकिरी झाली की कापा. एकदम कापू नका, आधी खाली अर्धी खाच, आठ दिवसांनी उरलेली.

एक सांगायचं राहिलं, हुमले. आमच्याकडे लाल मुंग्यांनी माझ्या दोन गुट्यांमध्ये संसार थाटला होता. प्लास्टिकची टोकं घट्ट बांधा म्हणजे बांधा.

पेरूची जात विचाराल तर सरदार ऊर्फ लखनौ ४९ अजूनही आवडती, नाव लखनौचं असलं तरी निवडली पुण्यात, गणेशखिंडच्या बागेत, १९२७ साली. डाळिंबाची गणेश जातही तिथलीच.

कोकमाला फुलं येतात पण फळ धरत नाही, सात वर्षं वाढवलंय!

झाड नर आहे. वाईट वाटतं सांगायला, पण कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि हे फुलं येईपर्यंत कळत नाही. उपाय आहे, झाड तोडू नका, नवीन येणाऱ्या फुटव्यांवर मादी झाडाची काडी बांधा. एक फांदी नरच ठेवा, परागासाठी बरी. आणि हे फार महत्त्वाचं: काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची घ्या. आडव्या फांदीची घेतलीत तर कलम जगतं, पण जन्मभर जमिनीशी समांतर वाढत राहतं, झाडासारखं उभंच राहत नाही. माझ्याकडे असं एक आहे, पाहुणे त्याला वेल समजतात. विकत आणायचं असेल तर कोंकण अमृता मागा, दापोलीची १९९७ ची जात.

पपईचंही थोडं असंच. एका खड्ड्यात ३-४ रोपं लावा, फुलं आली की नर ओळखून काढा, लांब लोंबत्या दांड्यावर झुबक्याने फुलं आली तो नर. बी पेरायच्या आधी त्यावरचं पारदर्शक बुळबुळीत आवरण राखेत चोळून काढा, त्याने उगवण अडते. आणि बाजारातल्या रेड लेडीच्या बिया ठेवू नका, ती संकरित आहे, पुढची पिढी तशी येत नाही.

फणसाच्या आठळ्या लावल्यात, कापा येईल की बरका?

सांगता येत नाही, काप्याच्या (घट्ट गऱ्यांच्या) झाडाखालची आठळी बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा) देऊ शकते. खात्री हवी तर कलम. आठळी मात्र ताजीच लावा, महिनाभरानंतर उगवत नाही, आणि शक्यतो जागेवरच लावा कारण फणसाच्या सोटमुळाला हलवलेलं अजिबात आवडत नाही. कलमाला फळ ४-५ वर्षांत, आठळीला ७-८.

चिकूच्या कलमाखाली वेगळंच झाड असतं म्हणतात?

हो, खिरणी, काही भागात रायण म्हणतात. चिवट, मुळं खोल जातात, आणि चिकूशी चांगली जुळते. अडचण एकच, खिरणी इतकी हळू वाढते की पेन्सिलीएवढी व्हायला दीड-दोन वर्षं. म्हणून चिकूचं कलम महाग असतं, दुकानदार लुटत नसतो. घरी करण्यापेक्षा विकत आणा, माझं प्रामाणिक मत.

विकत आणलेलं हापूस कलम सहा वर्षांनी रायवळ निघालं. फसवलं का?

दर वेळी फसवणूकच असते असं नाही. माझंच उदाहरण, एका रोपवाटिकेतून दोन आणली, एकाला आंबट बिटक्या लागल्या, मी चार दिवस त्या माणसाला शिव्या घातल्या. मग खोडाजवळची माती उकरली तर जोडाच्या वरचा भाग कधीच मेलेला, आणि खालच्या खुंटाची फूट झाड म्हणून मीच प्रेमाने वाढवलेली. जोडाच्या खाली जे काही फुटेल ते दिसताक्षणी नखाने खुडायचं. लावताना जोड जमिनीच्या वर ठेवायचा, मातीत गाडायचा नाही. घेताना जोड बघा, नीट भरलेला, गाठ फार सुजलेली नको, आणि सगळ्यात उंच रोप घेऊ नका, पिशवीत मुळं गोल फिरलेली असतात.

आणि हो, कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो. काढा. फोटो काढा आणि मग मोहोर काढा. ३-४ वर्षं झाडाला अंग धरू द्या.

परसात जुनं रायवळ झाड आहे, त्यावर हापूस करता येईल?

येतं, आणि वेगाने येतं, कारण मुळं आधीच खोल गेलेली असतात. पाऊस संपल्यावर फांद्या टप्प्याटप्प्याने छाटा, सगळ्या एकदम नको. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी, नाहीतर भिरूड (खोड पोखरणारी अळी) शिरते. भरपूर फुटवे येतील, त्यातले बाहेरच्या बाजूचे चार-पाच ठेवून बाकी काढा आणि ते पेन्सिलीएवढे झाले की कोवळ्या भागावर पाचर कलम बांधा. एकाच झाडावर हापूस, पायरी, रत्ना असं तिन्ही करता येतं. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, दापोलीचाच, १९८१ चा, साका (गरात पांढरट, कडक भाग) होत नाही त्यात.

फ्लॅटच्या गॅलरीत काय जमेल?

लिंबू, पेरू, अंजीर. टेरेसवर मोठा ड्रम आणि दिवसभर ऊन असेल तर आम्रपाली आंबा, तो मुळात ठेंगणा. हापूस ड्रममध्ये लावून आंबे खाण्याची स्वप्नं दाखवणाऱ्यापासून लांब राहा. लिंबाच्या पानांवर चिमणीच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी आहे, उचलून बाजूला ठेवा, चार दिवसांत झाड बोडकं करते.

अंजिराची काडी लावणं इतकं सोपं की लहान मुलांना द्यावं. छाटणीच्या वेळची अंगठ्याएवढी जाड काडी, ४-५ डोळ्यांची, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, दोन डोळे वर बाकी मातीत. उलटी लावू नका, हे हसण्यावारी नेऊ नका, मी लावलीय. डाळिंबाची काडी मात्र कुठूनही आणू नका, तेल्या आणि मर रोग रोपांबरोबरच घरी येतात, निरोगी बाग डोळ्यांनी बघितल्याशिवाय काडी घ्यायची नाही.

नारळाचं कलम मिळतं का? बाजारात “कलमी नारळ” म्हणून विकतात.

नारळाचं असं कलम होत नाही. वर सांगितला तो सालीखालचा थर नारळात नसतोच, शिवाय वाढणारा कोंब एकच, तो कापला की माड संपला. लोक संकरित रोपालाच कलमी म्हणतात. घरी करायचं तर ज्या माडाला वर्षानुवर्षं भरपूर लागतंय त्याचा पूर्ण तयार, ११-१२ महिन्यांचा नारळ दोरीने उतरवून घ्या आणि रुजवा.

मुलगा अमेरिकेत फ्लोरिडाला असतो, तिथे आंबा होतो. जाताना हापूसची काडी बॅगेत देऊ का?

नका देऊ. परवानगी आणि वनस्पती आरोग्याचा दाखला नसेल तर विमानतळावर जप्त होते, दंडही बसू शकतो, आणि तो नियम उगीच नाही, एका काडीबरोबर कीड जाते. त्याला सांगा तिथल्या नर्सरीत विचार, तिकडे आंब्याच्या ढीगभर जातींची कलमं विकतात.

शेवटचं, बांधलेली कलमं ओळखायची कशी? सगळी सारखीच दिसतात.

लेबल लावा. त्याच दिवशी. मार्करची शाई एका पावसाळ्यात उडते, म्हणून मी शीतपेयाचा डबा कापून त्या पत्र्यावर खिळ्याने ओरखडून जात आणि तारीख लिहितो आणि सैल तारेने अडकवतो. घरामागे विहिरीजवळ एक झाड आहे, लेबल नसलेलं, यंदा पहिल्यांदा मोहरलंय, पायरी असावा असं बायको म्हणते, मी केसर म्हणतोय, मे महिन्यात बघू.